उताराच्या टोकाचं तळं

गॅरेज बंद करायच्या आधी फरशी धुवायची, हा फोरमनचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. खरं तर तो आता कुणाचाच फोरमन नव्हता. तरुणपणी बसच्या डेपोत त्याने ती नोकरी केली होती. पुढे वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान हातात आलं, दुकानाचं मोटारींचं गॅरेज झालं, नोकरी केव्हाच सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर "आमचे फोरमन" असंच म्हणायची.

तर संध्याकाळी कामगार घरी गेले की फोरमन पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा, पाइप लावायचा आणि आतल्या भिंतीपासून दारापर्यंत फरशी धुऊन काढायचा. दिवसभर सांडलेलं इंजिन ऑइल, ग्रीस, ब्रेकची काळी भुकटी, रेडिएटरमधून काढलेलं गोडसर वासाचं पाणी, साबणाचा फेस, सगळं एकजीव होऊन दाराबाहेर रस्त्याकडेच्या लोखंडी जाळीत जाऊन पडायचं. जाळीतून खोल गुडगुड ऐकू आली की त्याला दिवस पार पडल्यासारखं वाटायचं. फरशी आरशासारखी लख्ख! शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचे, स्वच्छता बघायची तर फोरमनकडे बघा.

त्या जाळीवरूनच बखेडा सुरू झाला.

नगरपालिकेने एक नवा नियम करायचा घाट घातला. रस्त्याकडेच्या जाळ्या फक्त पावसाच्या पाण्यासाठी आहेत; त्यांत दुसरं काहीही सोडायचं नाही. गॅरेजवाले, गाड्या धुणारे, रंगकाम करणारे, सगळ्यांनी आपापल्या आवारात तेल आणि गाळ अडवणारी टाकी बांधायची आणि तिच्यातून निघालेलं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडायचं. जो ऐकणार नाही त्याला दंड. नियम अजून कच्चा होता. लोकांच्या हरकती ऐकायला सभा ठरली होती, त्यानंतर काय तो निर्णय.

फोरमनची गल्ली म्हणजे सगळा गाड्यांचाच धंदा. गॅरेजांच्या मधोमध बॅटरीवाला, टायरवाला, आणि अगदी समोर गाड्यांना रंग मारणारा पेंटर. गल्लीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पेंटर तर दिवसभर ब्रश हातात घेऊन दारात उभा राहून बोलत होता की आता आभाळातलं पाणी कुठलं आणि नळातलं कुठलं, हे जाळी ओळखणार का? सगळ्यांनी मिळून ठरवलं की सभेत बोलायचं ते फोरमननेच. त्याची जीभ धारदार होती आणि वयाचाही मान होता. फोरमननेही मान डोलावली. आयुष्यभर इमानाने धंदा केला, आता काल खुर्चीत बसलेली पोरं आपल्याला गटाराचं शास्त्र शिकवणार, याचाच त्याला जास्त राग होता.

याच सुमाराला ताई कायमची राहायला आली.

ताई म्हणजे फोरमनची थोरली बहीण. दुसऱ्या शहरात एका जलतरण तलावावर तिने जन्मभर पोहायला शिकवलं. नवरा गेल्यावर ती काही काळ एकटीच राहिली. मग गुडघे कुरकुरायला लागले, जिने चढवेनात, तेव्हा फोरमनची बायको स्वतः जाऊन तिला घेऊन आली. गॅरेजच्या मागच्या बाजूला तळमजल्यावरची खोली तिला दिली. एकेकाळी ती या दोघा भावंडांची झोपायची खोली होती. ताईने भिंतीवरून हात फिरवला आणि रंगाच्या थराखाली आपली उंची मोजायच्या खुणा लागतात का ते पाहिलं. लागल्या नाहीत. "असू दे," ती म्हणाली, "उंची काही परत जात नाही."

जेवताना गप्पा निघाल्या त्या तळ्याच्याच. गल्लीचा उतार जिथे संपतो तिथे ते तळं होतं. फोरमनला पोहायला ताईनेच शिकवलं होतं, आणि तो पाय असे काही फाकवायचा की तिने त्याचं नाव बेडक्या ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून त्याचे कान लाल झाले आणि बायको हसून हसून बेजार झाली. मग दोघं भावंडं सुटलीच. वरचं पाणी उन्हाने कोमट असायचं, पण पाय खाली सोडले की एकदम गार थर लागायचा, तो आठवतो का? घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ, त्यावरून घसरून ताईचा दात पडला होता. पाण्याला चेहरा टेकवला की तळाचे शिंपले दिसायचे. निळे चतुर हातावर येऊन बसायचे, आणि हात न हलवता कोण जास्त वेळ उभं राहतं यावर पैजा लागायच्या. संध्याकाळी वडील दुकानाच्या दारातून शिट्टी मारायचे, ती उतारावरून थेट पाण्यापर्यंत पोचायची. ताई म्हणाली, की तलावावर हजारो मुलं शिकवली, पण जन्मभर त्या औषधाच्या वासात पोहताना नाकाला आपल्या तळ्याचा वास हवा असायचा, ओल्या दगडाचा आणि पानांचा.

"डॉक्टरांनी पोहायलाच सांगितलंय गुडघ्यांसाठी," ती म्हणाली. "नेशील का मला तळ्यावर?"

फोरमनने घास गिळला आणि नेतो म्हणाला. पण नेलं नाही. आज गाड्या फार आहेत, उद्या रस्ता खणलाय, परवा बघू. खरी गोष्ट अशी होती की तो स्वतःच कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. गल्लीतलं कुणीच जात नव्हतं. तळ्याकडे घाण वास येतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्या कारखान्याने नासवलं म्हणून सगळे कारखान्याला नावं ठेवत. कारखाना बंद पडूनही बराच काळ लोटला होता, पण नावं ठेवायला तो अजून उपयोगी पडत होता.

ताई काही भावाच्या सवडीसाठी थांबणारी नव्हती. एका दुपारी जेवणं आटोपून घर आडवं झाल्यावर तिने पिशवीत पोहण्याचे कपडे आणि टॉवेल भरला आणि काठी टेकत उतार उतरून गेली.

परतली ती पुढच्या दारातून, गॅरेजमधून. फोरमन एका गाडीखाली पाठीवर झोपून काम करत होता. त्याला आधी तिच्या चपला दिसल्या, त्यातून ठिबकणारं काळपट पाणी दिसलं. तो बाहेर सरकला. ताई टॉवेल गुंडाळून उभी होती. तिचे पांढरेशुभ्र केस काळ्या चिकट बटा होऊन मानेला चिकटले होते. दंडावर, गळ्यावर तेलकट वळ. डोळे लालबुंद, आणि ती ते मिचकावत होती. हातातली कामं टाकून कामगार नुसते बघत राहिले.

"घाटाजवळ बरं दिसत होतं," ती म्हणाली. "थोडं गढूळ होतं, पण म्हटलं तळं तर आपलंच आहे. चार हात मारून लव्हाळ्यांपाशी गेले आणि तिथे हे सगळं साचलं होतं. वर आले तर डोळे उघडेनात."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की फोरमनला त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्याने तिला मोरीशी स्टुलावर बसवलं. बायको धावत आली, तिने डोळे धुतले. घरच्या साबणाला केस दाद देईनात, तेव्हा फोरमनने ग्रीस काढायचा स्वतःचा साबण आणला आणि बहिणीचे केस धुवायला लागला. दोनदा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. पाणी काळंच येत होतं. आणि वाकून केस चोळताना त्याच्या नाकात तो वास गेला. जळक्या इंजिन ऑइलचा, आणि त्याखाली रेडिएटरच्या पाण्याचा तो गोडसर वास. दुसऱ्या कुणाला नसता कळला. फोरमन रोज संध्याकाळी तोच वास अंगावर घेऊन जेवायला बसत होता.

त्याने तिचे केस पुसले. तसंच तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब दिले आणि डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायला सांगितलं. डोळे वाचलेत, पण काळजी घ्या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो ताईच्या खोलीत गेला आणि तिने काही विचारायच्या आतच स्वतःची बाजू मांडायला लागला. हे काही आपल्या गॅरेजचं नाही. आपल्या जाळीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथे ते साफ करतात, त्यासाठीच तर आपण कर भरतो. कुणीतरी रात्रीबेरात्री टँकर रिकामे करत असणार.

ताईने पट्टीखालून विचारलं, "तू पाहिलंयस, कुठे जातं ते?"

"पाहायला कशाला हवं? गटाराचं पाणी अजून कुठे जाणार?"

"मग जाऊन विचार. तुझं खरं असेल तर चांगलंच आहे. सभेत ताठ मानेने बोलशील."

हे त्याला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. तो थेट नगरपालिकेत गेला. नियमाचं काम पाहणारी अभियंता एक तरुण बाई होती. तिने पंखा त्याच्याकडे वळवला, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, की शहराच्या पोटात दोन वेगवेगळ्या वाहिन्या असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांचं पाणी एका वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याच्या जाळ्या दुसऱ्या वाहिनीला जोडलेल्या आहेत, आणि ती सरळ तळ्यात उघडते. पावसाचा लोंढा केंद्रात घुसला तर केंद्रच बुडेल, म्हणून ती मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. मध्ये ना गाळणी, ना टाकी.

फोरमनने ते साफ उडवून लावलं. कागदावर काय हवं ते काढता येतं, तो म्हणाला, दाखवून द्या. त्यावर तिने सांगितलं की पाण्याला अपाय न करणारा एक हिरवा रंग मिळतो, तो तुमच्या जाळीत ओतून पाहू, कुठे निघतो ते. फोरमनला तर हेच हवं होतं. त्याने गल्लीभर निरोप फिरवला की या सगळे, नगरपालिकेची फजिती बघायला.

लख्ख ऊन पडलेल्या सकाळी सगळी गल्ली गोळा झाली. अभियंताबाईने फोरमनच्या दारातल्या जाळीत तो रंग ओतला. फोरमनने स्वतःच्या हाताने पाइप लावला आणि नेहमीसारखं पाणी सोडलं. गुडगुड झाली. मग घोळका उतारावरून खाली निघाला. पेंटर पुढे होता, विनोद करत होता. डोळ्यांना गडद चष्मा लावून ताईही फोरमनच्या बायकोचा हात धरून हळूहळू येत होती.

तळ्याच्या काठाशी, लव्हाळ्यांच्या आड, एक मोठा सिमेंटचा पाइप तोंड उघडून होता. आजूबाजूची माती काळीकुट्ट, बोट लावलं तर बुळबुळीत. पाइपमधून पाण्याची बारीक धार पडत होती. लोक उभे राहिले. फोरमनने खिशात हात घातले आणि हसून बघत राहिला.

मग धारेला हिरवी छटा आली. आधी इतकी फिकट की भास वाटावा, आणि मग एकदम गर्द, चमकदार हिरवी. ती तळ्याच्या पाण्यात पंख्यासारखी पसरत गेली. रंगासोबत तेलाचा सप्तरंगी तवंगही आला, तो मात्र आज कुणी ओतला नव्हता.

पेंटरने उगाचच घसा खाकरला. फोरमनच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं तर तो त्याच जमिनीवर लहानपणी अंग सुकवायला उताणा पडत असे. त्याला शिंपले आठवले, तो गार थर आठवला, आणि गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आपण समाधानाने ऐकलेली गुडगुड आठवली. आपली फरशी लख्ख होत होती ती या तळ्याच्या जिवावर. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

ताई काठी टेकत जवळ आली.

"बाबा असते तर त्यांनी असं केलं नसतं," तो म्हणाला.

"उगाच बाबांना देव करू नकोस," ताई म्हणाली. "बाबाही ओतायचे. सायकलच्या साखळ्या रॉकेलमध्ये धुवायचे आणि ते रॉकेल दारातच फेकायचे, मी पाहिलंय. पण तेव्हा गल्लीत एक दुकान होतं आणि तळं त्याला पुरून उरत होतं. आता अख्खी गल्ली आहे, वर नवी वस्ती आहे, त्या सगळ्यांच्या जाळ्या इथेच येतात. एकट्याचं थोडंसं खपून जातं रे. पण थोडंसं थोडंसं सगळ्यांनीच केलं की ते थोडं राहत नाही. म्हणून तर नियम लागतो. नियम म्हणजे कुणी कुणाला चोर म्हणणं नव्हे. आपण एकाच पाण्याच्या काठाला राहतो, हे लिहून ठेवणं."

"मग मी सभेत काय तोंडाने उभा राहू?"

"आहे त्याच तोंडाने. आज पाहिलंस ते सांग."

सभेच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह खच्चून भरलं होतं. हिरवा रंग गल्लीने पाहिला होता, पण टाकीचा खर्च कुणालाच नको होता; फोरमनचं नाव पुकारलं तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. तो उठला आणि म्हणाला की मी इथे हरकत घ्यायला येणार होतो, पण माझी हरकत आता माझ्यावरच आहे. मग त्याने तळ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. पूर्वीचं तळं, चतुर, कोमट पाण्याखालचा गार थर, आणि मग बहिणीचे केस. सभागृहातले म्हातारे माना डोलवायला लागले, कारण त्यांतले निम्मे त्याच घाटावरून उड्या मारत मोठे झाले होते. नियम हवाच, तो म्हणाला. पण त्याने धंद्याची बाजूही सोडली नाही. ज्यांच्याकडे टाकीला जागा नाही त्या लहान दुकानांना मिळून एक टाकी बांधू द्या, बांधायला मुदत द्या, आणि वापरलेलं तेल गोळा करायला नगरपालिकेची गाडी गल्लीत पाठवा. लोकांना चूक दाखवलीत, तशी वाटही दाखवा.

त्याचं बरंचसं मान्य झालं. नियम मंजूर झाला.

गल्लीने मात्र त्याला लगेच डोक्यावर घेतलं असं नाही. काहींनी फितूर म्हटलं. पेंटरने बोलणं टाकलं. समोरासमोर दुकानं, पण तो फोरमनच्या दिशेला पाठ करून ब्रश चालवायचा. फोरमनने वाद घातला नाही. आपल्या आवारात त्याने सगळ्यांत आधी खड्डा खणला. टाकीत गाळ खाली बसायचा, तेल वर तरंगायचं, आणि मधलं पाणी तेवढं सांडपाण्याच्या वाहिनीकडे जायचं. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं तेव्हा वर साचलेला तेलाचा थर त्याने बोट बुडवून मोजला. मग एकेक करून शेजारी ती बघायला यायला लागले. आधी "सहज" आले, मग मोजमापं विचारायला आले. एके दिवशी पेंटरही आला. टाकीत डोकावला, बराच वेळ डोकावून राहिला आणि म्हणाला की माझं ब्रश धुतलेलं थिनरही असंच जात असेल, नाही? त्याच्या आवाजात जुनी धार नव्हती. फोरमनने त्याला चहा पाजला.

सांगायला बरं वाटेल म्हणून तळं लगेच निवळलं असं सांगता येणार नाही. तळाचा गाळ काढायलाच नगरपालिकेला बराच काळ लागला, आणि वरच्या वस्तीतल्या लोकांना समजावताना अभियंताबाईच्या नाकी नऊ आले. ताई पोहायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर जायची आणि परत येताना तळ्यापाशी थांबून पाणी बघायची. पण वास गेला. लव्हाळ्यांमधला काळा थर गेला. मग एका उन्हाळ्यात पाण्यावर परत चतुर दिसले. ताई ते सांगायला घाईघाईने घरी आली आणि दारातूनच तिने बेडक्याला हाक मारली.

त्याच दिवसांत पेंटरने एक काम केलं, कुणी सांगितलं नव्हतं. पत्र्यात अक्षरं कापून त्याने साचा बनवला आणि गल्लीतल्या प्रत्येक जाळीशेजारी निळ्या रंगात लिहिलं: इथलं पाणी थेट तळ्यात जातं.

रंग वाळतोय न वाळतोय तोच एक तरुण मुलगी स्कूटर दुरुस्तीला घेऊन आली. फोरमन ब्रेक बघत होता आणि ती रस्त्यावरची अक्षरं वाचत होती.

"काका," तिने विचारलं, "कुठलं तळं?"

फोरमनच्या हातातला पाना तसाच राहिला. ती याच शहरात जन्मलेली होती, दोन रस्ते सोडून राहत होती. तिला तळं ठाऊकच नव्हतं. ठाऊक कसं असणार? ज्यांना ठाऊक होतं त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आणि जे पाणी कुणाला ठाऊकच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार?

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मागच्या खोलीकडे बघून ताईला हाक मारली. म्हणाला, चल, हिला तळं दाखवून येऊ. स्कूटर तशीच उभी राहिली. भर दुपारी गॅरेज उघडं टाकून ती तिघं उतारावरून खाली गेली, आणि वाटेत ताईने त्या मुलीला शिंपल्यांपासून सांगायला सुरुवात केली.

आपल्या दारातून वाहून गेलं म्हणजे नाहीसं झालं, असं तुम्हाआम्हा सगळ्यांना वाटतं. नाहीसं काहीच होत नाही. ते उतरत उतरत कुणाच्या तरी काठाला लागतं. आपल्या उताराच्या टोकाला काय आहे ते एकदा चालत जाऊन बघावं. बघितलं की नियम जाचत नाही. आणि जाताना सोबत आपल्याहून लहान कुणाला तरी न्यावं, म्हणजे आपल्यामागे ते पाणी ओळखणारं कुणीतरी राहील.